आठच गडी आले, तर मॅच कशी खेळायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात ऑफिसातल्या मित्रांची टीम, दर रविवारी सकाळी लेदर बॉलवर २५ ओव्हरची मॅच. ग्रुपवर १३ जण 'इन' म्हणतात, पावणेसातला मैदानावर ८ किंवा ९ उभे असतात. गेल्या पाचपैकी चार मॅच अशाच हरलात. आता विचारताय की ८ जणांत फिल्डिंग कशी लावायची, आणि अशा वेळी सरळ मॅच सोडून द्यावी का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सोडू नका. आठ जणांनी खेळून हरलेली मॅच चालते. सोडलेल्या मॅचनंतर मात्र पुढच्या रविवारी आठाचे सहा होतात, कारण पहाटे पाचला उठून आलेला माणूस परत तशी झोपमोड करायला तयार होत नाही. मैदानाचे पैसेही जातात ते वेगळेच.

मी मुंबईत आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि शिवाजी पार्क इथे मिळून वीसेक वर्षं रविवारची टीम चालवली, त्यातली बरीच वर्षं कप्तान म्हणून. कप्तान म्हणजे काय, तर सकाळी सहापासून फोन करणारा माणूस. अकरा पुरे असलेल्या मॅच मला फारशा आठवत नाहीत, नऊ-दहाच्या भरपूर आठवतात. तेव्हा सांगतोय ते त्या अनुभवातून. तुमचं मैदान, तुमचे बोलर, मॅच दोस्तीची की लीगची, यावर यातलं बरंच बदलेल. कुठे बदलेल तेही सांगत जाईन.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, 'दोन फिल्डर कमी असल्यामुळे रन जातात.' मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. रन दोन फिल्डर कमी असल्यामुळे जात नाहीत. आठ जणांकडून अकरांची जागा भरून काढायचा प्रयत्न होतो, म्हणून जातात. पांघरूण तोकडं असलं की डोकं झाकायचं की पाय, हे ठरवावं लागतं. दोन्ही ओढत बसलं की रात्रभर थंडी. कप्तानाने टॉसच्या आधी ठरवायचं असतं की आज मैदानाचा कुठला भाग आपण देऊन टाकतोय. आणि ते बोलरला स्पष्ट सांगायचं.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. आझाद मैदानावर आम्ही असेच आठ. आमच्याकडे एक तरणाबांड फास्ट बोलर होता, नवा बॉल मस्त हलवायचा. मी त्याला स्लिप दिली, गली दिली, म्हणजे कड झेलायला कीपरच्या शेजारी दोघं. कीपर आणि बोलर धरून चार जण तिथेच संपले. राहिले चार, त्यांत पॉइंट, मिडऑफ, मिडऑन, स्क्वेअर लेग. पोराने बोलिंग खरंच चांगली टाकली. सहा ओव्हरमध्ये तीन कडा लागल्या. एक स्लिपच्या हातात बसली, उरलेल्या दोन्ही कडा स्लिप आणि गलीच्या मधून मागे थर्डमॅनला गेल्या, चार-चार रन. दोन लेगबाय कीपरच्या मागे दुसऱ्या बाजूला, फाइन लेगला चार. एक बाय तर शेजारच्या मॅचच्या पिचपर्यंत गेला आणि तिथल्या फिल्डरने पायाने अडवून आम्हाला परत फेकला. (आझाद मैदान ज्याने पाहिलंय त्याला हे सांगायला नको. तिथे बावीसेक पिच एकमेकांना खेटून आहेत, आपला पॉइंट दुसऱ्याच्या मिडविकेटशी गप्पा मारत असतो.) सहा ओव्हर, ४६ रन, एक गडी.

मग नाइलाज म्हणून आमच्या अठ्ठावन्न वर्षांच्या काकांना बॉल दिला. काका ऑफस्पिन म्हणायचे, बॉल वळायचा नाही, पण हळू आणि सरळ पडायचा. पुढच्या आठ ओव्हरमध्ये २७ रन गेले. मॅच आम्ही तरीही दोन गड्यांनी हरलो, पण घरी जाताना डोक्यात उजेड पडला होता.

कारण साधं आहे. फास्ट बोलरचा बॉल बॅटला नुसता लागला तरी पळतो, आणि कुठेही पळतो: थर्डमॅन, फाइन लेग, कीपरच्या मागे. म्हणजे तुम्हाला पूर्ण गोल राखावा लागतो. हळू बोलरला मात्र बॅट्समनने स्वतः जोर लावल्याशिवाय बॉल बाउंड्रीला जात नाही, आणि जोर लावून माणूस मारतो तो बहुतेक वेळा पुढेच. म्हणजे राखायचा राहिला अर्धा गोल. आठ माणसं अर्ध्या गोलाला पुरतात, पूर्ण गोलाला नाही. गडी कमी असताना माझा पहिला निर्णय फिल्डिंगचा नसतोच, बोलिंगचा असतो. फास्ट बोलरला दोन-तीन ओव्हर, नवा बॉल आहे म्हणून. लगेच हळू, सरळ टाकणारे दोन्ही टोकांनी. तुमच्या फास्ट बोलरला हे पटणार नाही. त्याला सांगा की शेवटचे तीन गडी तुझे.

आता प्रत्यक्ष जागा. आठांतून बोलर आणि कीपर वजा केले की सहा उरतात. उजव्या हाताच्या बॅट्समनला मध्यमगती बोलर ऑफ स्टंपच्या जरा बाहेर टाकतोय असं धरू. पॉइंट, कव्हर, मिडऑफ, मिडऑन, मिडविकेट हे पाच ठरलेले. सहावा माणूस हाच कप्तानाचा हुकमाचा पत्ता. पहिल्या पाच ओव्हर तो शॉर्ट थर्डला, म्हणजे स्लिपच्या बराच मागे पण बाउंड्रीवर नाही. तिथून तो कडेचा चौकारही अडवतो आणि उंच उडालेली कड झेलूही शकतो. स्लिप ठेवायचा मोह होतो, मलाही होतो. पण रविवारच्या क्रिकेटमध्ये स्लिपमधले झेल किती घेतले आणि किती सोडले याचा प्रामाणिक हिशोब प्रत्येक कप्तानाने एकदा करून बघावा. बॉल जुना झाला की हाच सहावा डीप मिडविकेटला जातो, कारण आठव्या ओव्हरनंतर रविवारचा बॅट्समन लप्पा मारतो तो तिकडेच.

हळू बोलर असेल तर मागचा भाग पूर्ण सोडून द्या. लाँगऑन, डीप मिडविकेट, लाँगऑफ जरा सरळ, कव्हर चार पावलं मागे, पॉइंट, आणि एक जण जवळच्या मिडविकेटला. एक-एक रन मिळतील, मिळू द्या. ओव्हरला चार सिंगल दिल्या तरी २५ ओव्हरचे १०० रन होतात, आणि आमच्यासारख्या टीममध्ये सलग पाच ओव्हर शांतपणे सिंगल काढणारा बॅट्समन मी अजून पाहिला नाही. सहाव्या ओव्हरला त्याला हवेत मारावंसं वाटतंच. तुमची तीन माणसं त्याचीच वाट बघत बाउंड्रीवर उभी आहेत.

बोलरला एक गोष्ट कडकपणे सांगायची: लेगस्टंपच्या बाहेर एकही बॉल नको. फाइन लेग तुम्ही देऊन टाकलाय. तिकडे टाकलेला वाइड कीपरला चुकला तर पाच रन. म्हणूनच कमी माणसं असताना कीपर निवडताना त्याची बॅटिंग बघू नका. ज्याचे हात सर्वांत भरवशाचे तो कीपर, कारण त्याच्या मागे कोणी नाही. तो कच्चा असेल तर मध्यमगतीलाही त्याला मागेच उभा करा.

बॅट्समनची जोडी डावा-उजवा असेल तर एक वेगळीच पंचाईत होते. प्रत्येक सिंगलनंतर सगळी फिल्डिंग इकडून तिकडे. अकरा असताना दोन जण पळतात, आठ असताना सगळेच पळतात, आणि पंधराव्या ओव्हरला पॉइंटचा माणूस गुडघ्यावर हात ठेवून उभा दिसतो. आम्ही अशा वेळी दोन्ही बाजूंना सारखीच माणसं ठेवायचो: दोन पॉइंट-स्क्वेअर लेगच्या रेषेत, दोन कव्हर-मिडविकेटच्या, दोन मिडऑफ-मिडऑन. जागा बदलायची नाही, फक्त चार पावलं आत-बाहेर. अगदी नेमकी फिल्डिंग नाही होत, पण माणसं शेवटच्या ओव्हरपर्यंत उभी राहतात. ज्याची ओव्हर नुकतीच संपली त्याला डीपला पाठवू नका, मिडऑन किंवा मिडऑफलाच ठेवा. तीन-तीन ओव्हरनंतर अर्ध्या मिनिटाचं पाणी, आणि पाणी आणायला बाराव्या माणसाची वाट बघू नका. तुमच्याकडे नववाही नाही. बाटल्या स्टंपच्या मागे ठेवा.

मोसमाचाही फरक पडतो, आणि तो माणसं मोजताना कोणी धरत नाही. मुंबईची कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. ज्यांनी ती खेळली त्यांना माहीत आहे, गवत घोट्याला लागतं, मैदान चिकट, जमिनीवरून मारलेला बॉल तीस यार्डांत थांबतो. अशा दिवशी आठ माणसं पुष्कळ झाली, कारण चौकार फक्त हवेतून जातो. तेव्हा बाउंड्री सोडा, सगळे आत या आणि झेल घ्या. उलट मे महिन्यात मैदान रस्त्यासारखं टणक असतं. त्यावर आठ जण म्हणजे खरोखर आठच. मग दोघं तरी खोल ठेवावेच लागतात. तुमचं मैदान उताराचं असेल, पुण्याकडे टेकडीच्या पायथ्याला अशी बरीच असतात, तर उताराच्या बाजूला एक माणूस कायमचा ठेवा आणि चढाची बाजू विसरा.

बोलिंगचं गणित टॉसआधीच कागदावर मांडा. २५ ओव्हर, एका बोलरला जास्तीत जास्त पाच, म्हणजे पाच बोलर लागणारच. आठांतला एक कीपर गेला. उरलेल्या सातांतले पाच बोलर. म्हणजे कधीही बोलिंग न टाकणारा एखादा तरी आज टाकणार. त्याला ओव्हर कधी द्यायच्या? बहुतेक कप्तान त्याला टाळत टाळत शेवटी अडकतात आणि एकविसावी, तेविसावी ओव्हर त्याच्या गळ्यात पडते. मी त्याला पाचव्या ते नवव्या ओव्हरच्या मध्ये वापरतो. तेव्हा बॅट्समन जम बसवत असतो, सेट होण्यासाठी मान देतो, अगदी टाकाऊ बोलिंगलाही.

आता टॉस. सर्वसाधारण सल्ला असा की माणसं कमी असतील तर पहिली बॅटिंग घ्या, मागाहून येणारे तोवर पोचतात. सल्ला बरोबर आहे, पण तो 'येणारे' खरंच येणार असतील तर. 'पाच मिनिटांत निघतो' म्हणणारा माणूस अजून अंथरुणात आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि एखाद्याला साडेदहाला निघायचं असेल, मुलीचा क्लास, सासरी जेवण, काहीही, तर पहिली फिल्डिंग घ्या, तो असेपर्यंत त्याला वापरा. मी टॉसला जाण्याआधी प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारायचो: कोण वाटेत आहे, आणि कुणाला लवकर जायचंय. टॉसचं उत्तर त्यातून आपोआप येतं.

नियम काय म्हणतात तेही माहीत असावं, कारण पलीकडचा कप्तान ऐनवेळी ते काढतो. क्रिकेटच्या नियमांनुसार सामना अकरा-अकरांचा. दोन्ही बाजूंच्या संमतीने कमी-जास्त खेळाडू चालतात, पण एका वेळी मैदानात अकरांहून जास्त फिल्डर नाही. खेळाडूंची यादी टॉसआधी द्यायची असते, तेव्हा वाटेत असलेल्याचं नाव त्यात घाला. फिल्डिंग सुरू झाल्यावर उशिरा आलेल्याला लगेच बोलिंग टाकता येत नाही. जितका वेळ तो बाहेर होता तितका वेळ, जास्तीत जास्त दीड तास, त्याला आधी मैदानात काढावा लागतो. त्यातला वेळ शिल्लक राहिला आणि तुमची बॅटिंग आली, तर तो संपेपर्यंत किंवा पाच गडी बाद होईपर्यंत तो बॅटिंगलाही जाऊ शकत नाही. बदली फिल्डर बोलिंग टाकू शकत नाही, कप्तान होऊ शकत नाही, आणि अंपायरच्या संमतीशिवाय कीपिंगही करू शकत नाही. शिवाय 'ट्रॅफिकमध्ये अडकला' हे बदली मिळायचं कारण नाही. लीगची मॅच असेल तर किमान किती माणसांवर मॅच सुरू होते हे तिच्या नियमावलीत बघून ठेवा. सगळीकडे आकडा सारखा नसतो.

दोस्तीच्या मॅचमध्ये मात्र सगळं बोलण्यावर आहे, आणि ते बोलणं शनिवारी रात्री व्हावं, सकाळी सातला नव्हे. पलीकडच्या कप्तानाला फोन करून सांगा की आमचे नऊच होतील असं दिसतंय. मग मागायचं काय? 'तुम्हीही नऊच खेळा' असं मागू नका. त्यांचे अकरा पहाटे उठून आलेत, त्यातल्या दोघांना बसवायला कोण तयार होईल. दोन फिल्डर मागा. बॅटिंग करणाऱ्या टीमचे सात-आठ जण झाडाखाली बसलेलेच असतात. बदल्यात टॉस देऊन टाका, तुमचं कोणी वाटेत नसेल तर तुम्हाला त्याने काही फरक पडत नाही.

उसने घेतलेले फिल्डर कुठे ठेवायचे याला एक रीत आहे. थर्डमॅन किंवा फाइन लेग, जिथे बॉल अडवायचा असतो, झेलायचा क्वचित. मी एकदा शेजारच्या टीमचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा मिडविकेटला ठेवला. त्यांच्याच कप्तानाने लप्पा मारला, उंच, सरळ त्या पोराच्या डोक्यावर. पोरगा एक क्षण कप्तानाकडे बघतोय, एक क्षण बॉलकडे. शेवटी क्रिकेट रक्तात असल्यामुळे त्याने झेल घेतला आणि लगेच दोन्ही हात मागे लपवले. आम्ही ओरडायचं की नाही तेच कळेना. नंतर वडापाव खाताना तो आमच्यात येऊन बसला, कारण तिकडे त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. त्यानंतर उसना माणूस कायम फाइन लेगला.

एक गोष्ट कधीही करू नका: लीगच्या मॅचमध्ये न आलेल्याच्या नावावर दुसऱ्याला खेळवणं. 'एवढं कोण बघतं' असं सगळेच म्हणतात. अशाने एका मोसमात आमचेच गुण कापले गेले. निर्णय माझा होता, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं.

बॅटिंगबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण माझ्या मते तुमच्या चारपैकी निदान दोन मॅच तिथे गेल्या असणार. आठ जण म्हणजे सात गडी पडले की डाव संपला. आठवा नाबाद असला तरी सोबतीला कोणी नाही. १९७६ मध्ये किंग्स्टन कसोटीत भारताचा दुसरा डाव ९७ वर संपला तेव्हा पाचच गडी बाद झाले होते. बाकीचे पाच जखमी, खेळायला येऊच शकले नाहीत. फलकावर पाच बाद, आणि तरी ऑल आउट. तुमच्या गणितात हेच उतरवा: अकरा असताना १५० बॉलसाठी दहा गडी, म्हणजे एका गड्यामागे १५ बॉल. आठ असताना सात गडी, म्हणजे एकामागे साधारण २१. मग ओपनरने तिसऱ्याच ओव्हरला पुढे येऊन मारायला जायचं कारण काय? अठराव्या ओव्हरपर्यंत चार गडी हातात ठेवा, शेवटच्या सात ओव्हरमध्ये काय मारायचं ते मारा. तुमचा सर्वांत चांगला बॅट्समन ओपनिंगला येत असेल तर येऊ द्या, पण दुसऱ्या नंबरचा चांगला पाचव्या क्रमांकाला ठेवा, कारण सहाव्याच्या खाली तुमच्याकडे शेपूटच आहे. दोस्तीच्या मॅचमध्ये 'शेवटचा एकटा खेळणार' हे टॉसलाच ठरवून घ्या. नॉनस्ट्रायकरला त्यांचाच एखादा उभा राहतो, बहुतेक जण हो म्हणतात.

बॅटिंग करणाऱ्या टीमला अंपायर द्यावे लागत असतील तर तेही मोजा. दोन आत, एक पॅड बांधून, दोन अंपायर, एक स्कोअर लिहायला. आठांतले सहा संपले. क्रिकहिरोज या अ‍ॅपवर स्कोअर भरायचं काम पलीकडच्यांना करायला सांगा, त्यांचे पोरगे आनंदाने करतात.

आणि मुळाचं दुखणं, तेरा 'इन' आणि आठ हजर. इथे आम्ही बरीच वर्षं भाबडेपणा केला. शेवटी पैशाने सुटलं. समजा मैदान, बॉल, अंपायर मिळून ६६०० रुपये होतात. अकरा आले तर माणशी ६००, आठ आले तर ८२५. म्हणजे जो झोपून राहिला त्याचा भुर्दंड उठून आलेल्याने भरायचा. आम्ही ठरवलं की शुक्रवारी रात्री नऊला जे अकरा पक्के, ते आले नाहीत तरी त्यांचा वाटा द्यायचाच. आजारपण, घरी काही झालं, तर माफ, आणि ते कप्तान ठरवणार. पहिल्या महिन्यात दोघं भांडले, एक सोडून गेला. नंतर शुक्रवारी 'इन' म्हणताना लोक विचार करायला लागले, आणि 'नाही जमणार' असं लिहायची हिंमत आली. ती जास्त उपयोगाची, कारण शुक्रवारी रात्री दहाला दुसरा माणूस शोधता येतो, रविवारी सकाळी सहाला नाही. बाराव्या-तेराव्याला मात्र नुसतं राखीव म्हणून बोलावून बसवू नका. त्याला दर दोन मॅचनंतर एक मॅच नक्की द्या, नाहीतर तोही फोन उचलणार नाही.

शेवटी, उशिरा येणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना. त्यांना सांगा की पांढरे कपडे आणि बूट घरूनच घालून निघा. आमचा एक जण नेहमी आठव्या ओव्हरला पोचायचा आणि मग झाडामागे कपडे बदलण्यात दहावी ओव्हर व्हायची.